भाताच्या कणगीतली पोर्ट

डहाणू गावात, खाडीच्या अंगाला, एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. ती जागा मला माझ्या बिघडलेल्या नाकामुळे मिळाली. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की मुलं आता नुसतं ‘नाक’ ऐकलं तरी चपला शोधायला लागतात. म्हणून लिहून काढतोय. वाचणारा मध्येच उठून गेला तरी निदान मला दिसणार नाही.

जागा बघायला गेलो तेव्हा मी स्वतःची ओळख पाठ करून गेलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, मूळचा तलासरीच्या वरच्या अंगाचा, निर्व्यसनी, बिऱ्हाड लहान. घरमालकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खाली चौकड्यांची लुंगी आणि हातात पांढरे हातमोजे अशा थाटात त्यांनी पाण्याचे दोन पेले आणून माझ्यासमोर ठेवले. एक विहिरीचं, एक नळाचं. वास घ्या आणि फरक सांगा, म्हणाले. मी दोन्ही पेल्यांत नाक घातलं, एकात जरा जास्तच, ते ओलं झालं. मग खरं ते सांगितलं की मला काहीच कळत नाही.

“नाक कामाचं नाय,” ते माझ्या बायकोला म्हणाले, “पण माणूस खरं बोलतो. या राहायला.”

नंतर कळलं की माझ्याआधी पाच जण जागा बघून गेले होते, आणि पाचही जणांनी विहिरीच्या पाण्याचा पेला खाली ठेवून “छान” म्हटलं होतं. छान या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. त्यांच्या मते माणसाला काही कळलं नाही की तो छान म्हणतो, आणि कळलं पण सांगायचं नसलं तरी छानच म्हणतो.

सगळं गाव त्यांना कॅप्टन म्हणायचं, आणि ते दर वेळी थांबून चूक दुरुस्त करायचे. उभी हयात ते मालवाहू बोटींवर होते, पण कॅप्टन म्हणून नव्हे. अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढायचं काम त्यांच्याकडे होतं, बोटीवरच्या भाषेत स्टुअर्ड. त्याचा त्यांना कमीपणा वाटत तर नव्हताच, उलट कॅप्टन ही त्यांना बढती उलट्या दिशेची वाटायची. “कॅप्टन नुसता पितो,” ते म्हणायचे. “कळतं ते स्टुअर्डला.” आम्ही त्यांना स्टुअर्डकाका म्हणायला लागलो, तेव्हा ते इतके खूश झाले की आम्हाला सुरमईचा एक अख्खा वाटा वर पाठवून दिला, कापून, आणि वर पुदिन्याचं एक पान.

कळतं म्हणजे काय, तर पोर्ट. माझ्या डोक्यात पोर्ट म्हणजे बाळंतिणीला चमचाभर पाजायचं लाल टॉनिक, कपाटात खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवायचं. मी हे बोलून दाखवलं, त्या दिवशी त्यांनी मला जिन्यावरच बसवून तासभर शिकवणी दिली. द्राक्षाचा रस आंबायला लागला की अर्ध्या वाटेत त्यात कडक दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि गोडवा आत अडकून पडतो. एखाद्या वर्षी पीक फारच चांगलं उतरलं, तर त्या एकाच सालाची वेगळी भरतात. ती बाटली आडवी झोपवायची आणि विसरून जायची. वीस वर्षं, तीस, पन्नास. आत ती हळूहळू म्हातारी होत जाते, तळाशी गाळ धरते, रंग सोडते आणि वास कमावते. पोर्तुगालच्या बंदरात त्यांची बोट लागायची तेव्हा तिथल्या तळघरांत जाऊन ते हे शिकले होते, हमालांकडून आणि पिंपं धुणाऱ्या बायकांकडून. मालकांकडून नाही, हे ते आवर्जून सांगायचे.

आणि अशी एक बाटली त्यांच्याकडे होती. त्यांचा शेवटचा कॅप्टन निवृत्त होताना देऊन गेला होता. तिचं साल माझ्या जन्माचं निघालं, हे कळल्यापासून माझी त्या घरातून सुटका नव्हती. “मास्तर, तुम्ही दोघं एका सालाचे,” ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. “फरक एवढाच, तिच्यात काहीतरी तयार होतंय.”

डहाणूच्या उन्हाळ्यात असली बाटली ठेवायची कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता. माजघरात बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माझ्याएवढी उंच भाताची कणगी होती. तिच्या पोटात, भाताच्या मधोमध, बाटली आडवी. थंड, अंधार, हालचाल नाही. पोर्तुगालच्या तळघरात जे दगड करतात ते इथे आपलं भात करतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असूनही मला त्यात खोट काढता आली नाही.

खोट माझ्यात होती. एका वर्षी भात गिरणीत न्यायचं होतं आणि मी मदतीची हौस केली. कणगीत उतरून पोती भरली, शिवली, टेम्पोत चढवली, आणि शाबासकीच्या अपेक्षेने घाम पुसत ओट्यावर बसलो. काका आत जाऊन भातात हात घालून आले. बाटली तिथे नव्हती. पुढचं सगळं रिक्षात झालं. आम्ही गिरणीत पोचलो तेव्हा आमचं पहिलं पोतं उघडून घमेल्याने यंत्राच्या तोंडात ओतायला सुरुवात झाली होती. काकांनी काही न बोलता उरलेल्या पोत्यांना एकेक करून मिठी मारली. गिरणीवाल्याला वाटलं, म्हातारा भातावर फार जीव लावून आहे. चौथ्या पोत्याला मिठी मारून ते तसेच थांबले आणि डोळे मिटले. परत येताना बाटली त्यांच्या मांडीवर आडवी होती आणि खड्डे दाखवायला मी रिक्षाच्या पुढे चालत होतो. हलवलेल्या बाटलीला पुन्हा झोप लागायला वर्ष लागतं म्हणे. ते वर्षभर माझ्याशी बायकोमार्फत बोलले.

बाकी प्यायचं म्हणाल तर ते वर्षातून दोनदाच, दमणला, बोटीवरच्या एका जुन्या सोबत्याच्या घरी. गाडी चालवायला मी. दमण आणि डहाणूच्या मध्ये गुजरातचा पट्टा येतो आणि तिथे दारूबंदी, म्हणून ते परत आणायचे फक्त रिकाम्या बाटल्या. रिकाम्या बाटलीत वास आठवडाभर टिकतो, रोज सकाळी एकेक हुंगायची. एकदा भिलाडच्या नाक्यावर हवालदाराने डिकी उघडली. आत गोधडीत गुंडाळलेल्या आठ रिकाम्या बाटल्या. एवढ्या काळजीने कचरा कुठे नेता, असं त्याने विचारलं. काका खाली उतरले, हातमोजे चढवले, त्यातली सगळ्यांत जुनी बाटली काढून त्याच्यापुढे धरली आणि वास घ्यायला सांगितलं. तो आधी नाही म्हणाला, मग इकडेतिकडे बघून त्याने नाक लावलं, आणि जरा वेळाने म्हणाला, आमच्या आजोबांच्या कोटाच्या खिशासारखा येतो. मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले, त्याने आम्हाला जायला सांगितलं.

तलासरी येईपर्यंत काका हवेत होते. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या शिकलेल्या लोकांत एकालाही जे जमलं नाही ते त्या माणसाला रस्त्यावर उभ्या उभ्या जमलं होतं. मग एकदम त्यांनी गाडी वळवायला लावली. खिशात काय असायचं, हे विचारायचं राहिलं होतं. नाक्यावर आपणहून परत येणारी आमची पहिलीच गाडी असावी, कारण हवालदार आम्हाला बघून दोन पावलं मागे सरला. खिशात सुपारी आणि खारका असायच्या. काकांनी ते आपल्या वासांच्या वहीत लिहून घेतलं आणि त्याला सलाम केला.

हा त्यांचा नियमच होता. वास स्वतःच्या आयुष्यातून सांगायचा, दुसऱ्याचा शब्द उचलायचा नाही. मी मोबाइलवर वाचून एकदा दमणला पेला फिरवत काळी मनुका, तंबाखू आणि चामडं असं सांगितलं होतं. कुठल्या जनावराचं चामडं, असं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि मी म्हैस म्हणालो.

मग तो कोविडचा ताप आला. घरातल्या सगळ्यांनाच येऊन गेला, काकांनाही. सगळे उठले, काकाही उठले, पुन्हा इस्त्रीचे सदरे घालायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी मला वरच्या खोलीत दूध करपल्याचा वास आला. माझ्या नाकाला आला म्हणजे ते किती करपलं असेल बघा. मी धावत खाली गेलो. काकांचं स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, भांडं काळं झालं होतं, आणि काका त्याच खोलीत, शेगडीकडे पाठ करून, चष्मा लावून पेपर वाचत बसले होते. मी गॅस बंद केला. त्यांनी वळून भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वर आला तुला वास?”

मी मान हलवली.

“मला नाय आला,” ते म्हणाले. “तापापासून येत नाय.”

मी भांडं घासायला घेतलं. मागून ते हळूहळू सांगत होते. जिभेला गोड, आंबट, खारट कळतं, बाकी पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले येईल परत, वाट बघा. बाटल्या हुंगणं त्यांनी सोडलं नव्हतं, कोणाला कळू नये म्हणून रोज सकाळी ओट्यावर बसून हुंगत होते, नुसतेच. पण त्यांना भीती त्याची नव्हती. भीती कणगीतल्या बाटलीची होती. एवढी वर्षं सांभाळलेली, ती जिवंत आहे की आत मरून पडली आहे, हे ती उघडल्यावर आता त्यांना स्वतःला कळणार नव्हतं. कोणालातरी विचारावं लागणार होतं. आणि ज्याला विचारतील तो म्हाताऱ्याची दया येऊन छान म्हणणार होता.

आमच्या हिच्या नाकात खोट नव्हती, पण तिला बाटलीच्या वासानेच मळमळतं, आणि तिचा काकांवर इतका जीव की तिने व्हिनेगरलाही अमृत म्हटलं असतं. राहिलो मी. दर रविवारी काका कपांवर फडकी बांधून माझी परीक्षा घ्यायला लागले. लवंग, भिजलेली माती, सुकवलेले चिकू, गूळ. मी सातत्याने चहा ओळखत होतो, विशेषतः जिथे चहा नव्हता. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्या गुणावर मला जागा मिळाली तोच आता आड येत होता.

अशात माझी आई आली. तलासरीच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या गावाहून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्यावर पट्टी बांधून ती आठवडाभर आमच्याकडे राहायची होती. दुसऱ्याच दिवशी काकांच्या माजघरातून जाताना ती कणगीशी थांबली, वाकली, आणि तिने काकांना हाक मारली.

“भाऊ, खालच्या थराला ओल लागली हाय. भात गेलं तुमचं.”

काकांनी कणगी उपसली. तळाचं भात खरंच काळं पडलं होतं, आणि ओल चढत चढत बाटलीच्या कागदापर्यंत आली होती. लेबल हातात सुटून आलं. बुचावर बुरशीचा बारीक पांढरा थर. काका बाटली घेऊन खुर्चीत बसले. आता ठेवण्यात अर्थ नव्हता. आत काय झालंय ते बघायला हवं होतं, आणि लवकर.

मग ते आमच्या वर आले. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत त्यांनी तो जिना चढला नव्हता. हातमोजे घालून आले आणि आईला विचारलं, ओल कशी कळली. तिला प्रश्नच समजला नाही. वास येत होता, म्हणाली. तुम्हाला नाय आला? काकांनी माझ्यानंतर पहिल्यांदाच कोणालातरी सरळ सांगितलं की नाही आला. आईने “अगो बाय” म्हटलं आणि त्यांना बसायला पाट दिला.

तिची परीक्षा झाली. फडकी बांधलेले बारा कप. बारा ओळखलेच, वर एका कपाला आधी हळद लागलेली होती हेही सांगितलं, आणि एवढी भांडी कशाला खरकटी केली म्हणून मला बोलली. दारू चालते का, हे काकांनी फार आडून विचारलं. आईला हसू आलं. आमच्याकडे लग्न ताडीशिवाय लागत नाही. एकाच झाडाची पहाटेची ताडी आणि उन्हं चढल्यावरची ताडी ती डोळे मिटून सांगते, आणि मोहाची दारू कोणी घाईत काढली ते ओळखून त्याच्या तोंडावर सांगते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अकरा वर्षं घरात हिरा लपवून त्यांना गारगोट्या दाखवत होतो.

रविवार ठरला, सकाळचे अकरा. त्या वेळी नाक सगळ्यांत जागं असतं म्हणे. दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवली, गाळ तळाला बसावा म्हणून. त्या दिवशी घरात उदबत्ती बंद, डोक्याला तेल बंद, साबण बंद, फोडणीही बंद. बिनफोडणीचं वरण करताना ही मला म्हणाली की तुमच्या बारशालाही एवढी तयारी झाली नसेल. आईने ते खरं असल्याचं सांगितलं.

बुचाचा भुगा झाला. काकांनी तो मोज्याच्या बोटांनी कणाकणाने उपसला. मग मला मेणबत्ती धरायला दिली. बाटलीच्या मानेखाली ज्योत धरायची, काका काचेच्या जगमध्ये सावकाश ओतणार, आणि मानेत गाळाचा काळा धागा दिसला की मी बस म्हणायचं. हे एक काम जन्मात माझ्यावर सोपवलं गेलं. धागा चुकू नये म्हणून मी इतका पुढे वाकलो की ज्योत बाटलीच्या मानेपेक्षा माझ्या मिशीला जास्त उजेड देत होती. मिशीचं टोक चरचरलं आणि मी दचकून बस म्हटलं. काका थांबले. आई म्हणाली, अजून गाळ आला नाय, केस जळाला. काकांनी पुन्हा ओतायला घेतलं, आणि या वेळी धागा मला खरंच दिसला.

बोटीवरच्या रीतीने जग डावीकडे सरकवायचा असतो. काकांनी तो डाव्या हाताने आईकडे सरकवला, आणि आईने डाव्या हाताने दिलेलं घ्यायला साफ नकार दिला. थोडा वेळ अडलं. शेवटी काका उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि उजव्या हाताने तिच्या पेल्यात ओतून पुन्हा जागेवर जाऊन बसले. माझ्याही पेल्यात दोन बोटं आली. रंग विटेसारखा. मी वास घेतला आणि तोंडातून छान निघून गेलं. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आईने पेला नाकाशी नेला आणि लगेच लांब केला.

“मेलेला वास येतो,” ती म्हणाली. “बंद पेटीत ओली गोधडी राहिली तसा.”

हिने पायाने आईच्या पायाला खुणावलं. आईने पाय बाजूला घेतला. काकांचे दोन्ही हातमोजे टेबलावर पडून होते, त्यात हात होते इतकंच. मला वाटलं, संपलं सगळं, आता मी काहीतरी बोलायला पाहिजे, आणि देवाच्या कृपेने आईने मला वेळच दिला नाही.

“थांबा,” आई म्हणाली. तिने पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि बसून राहिली. डोळ्यावरची पट्टी, मांडीवर पेला, जणू अंडं उबवतेय. बाहेर कोणीतरी रिक्षा चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली असतील. तिने पुन्हा वास घेतला. मग पुन्हा, आणि या वेळी पेला लांब केला नाही.

“उठली,” ती म्हणाली.

काका पुढे वाकले. त्यांनी आपला पेला उचलला. “बोला, बाय. मी पितो, तुम्ही बोला.”

त्यांनी घोट घेतला आणि आई बोलत राहिली. मोहाची फुलं अंगणात वाळत घातली की तिसऱ्या दिवशी दुपारी येतो तो वास. पहिल्या दिवसाचा नाय, तिसऱ्या. मग गुळाची ढेप, पण तळाची, गोणपाटाला चिकटलेली. त्याच्यामागून जांभळाच्या बीचं तुरट. काकांनी दुसरा घोट घेतला, तोंडात धरला, आणि हाताने अजून, अजून अशी खूण केली. आणि लांब, ती म्हणाली, खूप लांब, कोणीतरी शेताच्या पलीकडच्या बांधावर विडी ओढतंय, वारा इकडचा हाय. काकांनी डोळे मिटले होते. ते मान डोलवत होते, ओळखीचं कोणी लांबून येताना दिसलं की डोलवतो तशी.

मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम शंका आली.

“बाय, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाय ना?”

आई त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत राहिली.

“मी कशाला खोटं बोलू भाऊ? मला तर आवडली पण नाय.”

काका हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग खुर्ची. चष्मा काढून मोज्याने डोळे पुसायला गेले आणि मोज्यावर विटकरी डाग उमटला, त्याचंही त्यांना हसू आलं. ही हसली, मी हसलो, मिशी जळल्याचं तेव्हा कुठे दुखायला लागलं. आवडली नाय, असं ते स्वतःशी दोनदा म्हणाले, एखादं सर्टिफिकेट वाचावं तसं. जिला आवडली नाही तिने सांगितलेली मोहाची फुलं खरी होती, गूळ खरा होता, बांधावरची विडी खरी होती. बाटली जिवंत निघाली होती.

हसणं ओसरल्यावर त्यांनी वही ओढली, पेन उघडलं, आणि फार आदराने विचारलं की आता काय काय आवडलं नाही तेही सांगा, सगळं.

“सांगते,” आई म्हणाली आणि तिने पेला पुढे केला. “पण त्यासाठी अजून थोडी लागेल.”